शेवटच्या नळाची कसोटी

पाणी नितळ दिसले की ते शुद्ध असते, हा समज घातक आहे. पटकी व विषमज्वर यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्यामुळे पाण्याची चवही पालटत नाही. म्हणून पाण्यातील रोगजंतूंचा नाश केला पाहिजे, याविषयी आज दुमत नाही. विचार करावयाचा तो असा की, हे संरक्षण कोठवर टिकले पाहिजे?

पाणी खळखळून उकळले असता रोगजंतू मरतात. अतिनील किरण आणि ओझोन वायू हेही या कामी समर्थ आहेत. परंतु या उपायांनी शुद्ध झालेल्या पाण्यास पुढे कोणी राखणदार उरत नाही. उकळून निवविलेल्या पाण्यात मळका हात बुडाला, तर ते पुन्हा दूषित होते. क्लोरीनचे तसे नाही. त्याचा काही अंश पाण्यात शिल्लक राहतो व वाटेत शिरणाऱ्या जंतूंना अटकाव करतो. अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाणीपुरवठ्यात १९०८ साली त्याचा नित्य वापर सुरू झाला, आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली.

आपल्या देशात या शिल्लक क्लोरीनचे महत्त्व विशेष आहे. अनेक शहरांत पाणी ठरावीक तासच सोडले जाते. नळांतील दाब ओसरला म्हणजे गळक्या सांध्यांतून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. अशा वेळी शुद्धीकरण केंद्रातील निर्दोष अहवाल काय कामाचा? भारतीय मानक १०५०० अन्वये, क्लोरीनयुक्त पाणी ग्राहकापाशी पोहोचते तेव्हा त्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असले पाहिजे.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड दडतात. म्हणून पाणी आधी निवळून गाळून घ्यावे लागते. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्याला सहसा दाद देत नाहीत. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन काही अनिष्ट संयुगेही बनतात. ती कमी राखावीत. परंतु त्यांच्या भीतीने जंतुनाशनात कसूर करणे म्हणजे दूरचे संकट टाळण्यासाठी दाराशी उभे असलेले संकट घरात घेणे होय.

म्हणून आमचे मत असे की, पाण्याची परीक्षा शेवटच्या नळाशी व्हावी. प्रत्येक शाळेने आपल्या नळाच्या पाण्याची साधी रंगपरीक्षा रोज करावी आणि आलेला आकडा फलकावर लिहावा. ज्या दिवशी तो शून्य येईल, त्या दिवशी पाणी उकळून प्यावे आणि नगरपालिकेस अथवा ग्रामपंचायतीस तत्काळ जाब विचारावा.