शिस्त हवी, हकालपट्टी नको

अमेरिकेत १९९४ साली कायदा झाला : शाळेत बंदूक आणणारा विद्यार्थी किमान वर्षभर शाळेबाहेर. पुढे अनेक शाळांनी हीच 'शून्य सहनशीलता' भांडण, उलट उत्तर अशा किरकोळ गोष्टींनाही लावली. झळ कोणाला लागली? २०११-१२ च्या तेथील सरकारी आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलांच्या निलंबनाचे प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट होते.

साथींनो, आपल्याला चार्जशीट मिळते, बचाव मांडता येतो, अपील करता येते. मग लेकरालाच एका फटक्यात घरी का? आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते. प्रत्येक कामगार पालकाने हे कलम ध्यानात ठेवावे आणि शेजारच्या हमालालाही सांगावे.