डबी आपली, चावी त्यांची!

राजेहो, ऐन फवारणीच्या दिवसांत आपली ऑटो-गिअरची गाडी बडनेऱ्यात न्यूट्रलमध्येच अडून बसली. मिस्त्रीनं आधी बॅटरी, अर्थिंग, वायरिंग तपासलं. दोष निघाला गिअरच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये. नवी डबी बसवणं त्याच्या हातचं काम. पण कोडिंग अन् क्लचचं लर्निंग कंपनीच्या स्कॅनरवरच! काहून? पैसे आपणच मोजले ना?

सुटे भाग अन् तपासणी यंत्रं बाहेरच्या मिस्त्रींपासून अडवली म्हणून २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. २४ डिसेंबर २०२२ ले केंद्रानं दुरुस्ती-हक्काचं पोर्टल काढलं; त्यात शेतीची अवजारंही आहेत. पण पोर्टलनं गाडी हलत नाही, सक्तीचा कायदा पाहिजे! नाहीतर उद्या ट्रॅक्टरचीबी हीच गत होईन.

गाडी घेतानाच विचारा: कोडिंग बाहेर होते का?