मोती सहलीला निघतो तेव्हा

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि दुकानातील गर्दी थोडी ओसरली, की गोंदियातील व्यापारी कुटुंबांची पावले नवेगावबांधकडे वळतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे विस्तीर्ण तळे आहे. एरवी गल्ल्यावरून न उठणारा गृहस्थ परिचितांच्या शेतावर तंबू ठोकून दोन दिवस निवांत राहतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि गप्पा रंगतात. मुलांच्या हट्टाने घरचा मोतीही सोबत असतो. चप्पल पळवणे, तंबूची दोरी कुरतडणे, पोळ्यांच्या डब्यात तोंड घालणे, या त्याच्या खोड्यांनी सहलीला गंमत येते.

मात्र त्याची एक खोडी कौतुकाची नाही. पाणी आटलेल्या काठावर पक्षी दिसताच तो धावत सुटतो. याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. माणसालाही ती सहसा दिसत नाहीत. तिचा आक्रोश ऐकून मुले हसतात. परंतु पिसे पाण्यात भिजवून अंड्यांवर सावली धरणारी ती माता घरट्यापासून दूर राहिली, तर वैशाखाच्या उन्हात अंड्यांतील जीव वाचणे कठीण असते. कुत्र्याने अंड्यांना स्पर्शही केलेला नसतो.

नवेगाव-नागझिरा हे क्षेत्र २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पाळीव कुत्र्यास तेथे प्रवेश नाही, आणि या नियमामागे ठोस कारण आहे. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींच्या शरीरात डिस्टेंपर या, कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या रोगाचे विषाणू सापडले. नागझिऱ्यातील रानकुत्रे तर मोतीचे दूरचे भाऊबंदच. म्हणून निघण्यापूर्वी रेबीज व डिस्टेंपरच्या लसी वेळेवर दिल्या आहेत ना, हे पाहावे.

मोतीचीही काळजी हवी. माणसासारखा घाम त्याला येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. दुपारी त्याला सावलीत ठेवावे, भरपूर पाणी द्यावे आणि बंद गाडीत क्षणभरही सोडू नये. प्रवासाच्या फराळातील मनुका व बेदाणे त्याच्यासाठी विषासमान ठरू शकतात. रात्री त्याला बाहेर बांधू नये. बिबट्यासाठी ते सोपे भक्ष्य असते. परतल्यावर कानामागे व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्यात.

काठावर फिरताना त्याचा पट्टा घरातील मोठ्या मुलाच्या हाती द्यावा आणि टिटवी का ओरडते, हे त्याला तेथेच समजावून सांगावे. पुढच्या वेळी तिचा आवाज कानी पडताच तो मुलगा आपणहून पट्टा आखडून मागे वळेल. जीवदयेचा तो धडा त्याच्या कायमचा लक्षात राहील.