नेट बंद पडले. दुरुस्ती नेमकी कोणाची? 'बघतो' म्हणणाऱ्या दादाच्या पलीकडचे नियम

घरचे नेट बंद पडले की आपण बहुतेक जण एकच गोष्ट करतो. फोनमध्ये 'नेटवाला' किंवा 'वायफाय दादा' अशा नावाने सेव्ह केलेला नंबर काढतो आणि व्हॉट्सॲपवर लिहितो, 'दादा, नेट बंद आहे.' उत्तर येते, 'बघतो.' मग कधी दोन तासांत माणूस येतो, कधी तिसऱ्या दिवशी.

दादाला मेसेज करू नका, असे मी म्हणणार नाही. अनेकदा तोच सर्वांत जलद मार्ग असतो. पण फक्त तेवढेच केले तर ग्राहक म्हणून आपली बाजू तिथेच लंगडी पडते. कारण दुरुस्ती किती दिवसांत व्हायला हवी, उशीर झाला तर किती पैसे परत मिळायला हवेत, याचे नियम देशात आहेत. त्या नियमांचे घड्याळ मात्र व्हॉट्सॲपच्या मेसेजने सुरू होत नाही. ते तक्रार क्रमांकाने सुरू होते.

आधी पाहा, बिघाड कुठे आहे

जबाबदारी ठरवायची तर बिघाडाची जागा माहीत हवी. त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही, डब्यावरचे दिवे पुरेसे आहेत.

फायबर कनेक्शनमध्ये काचेची बारीक तार घरातल्या एका डब्यात येते. त्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत ओएनटी आणि वायफाय राउटर एकाच डब्यात असतात. त्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. तार कुठे तरी तुटली आहे, दुमडली आहे किंवा जोड निसटला आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. 'पॉन' दिवा स्थिर हिरवा आहे, पण 'इंटरनेट'चा दिवा बंद किंवा लाल आहे, तर तार ठीक आहे. अडचण खात्याची, रिचार्जची, सेटिंगची किंवा कंपनीच्या यंत्रणेची आहे. सगळे दिवे नीट आहेत आणि फक्त बेडरूममध्ये व्हिडिओ अडकतो, तर तो वायफायचा प्रश्न आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासला की हे लगेच कळते.

एक आकडा मात्र प्रत्येकाने पाहून ठेवावा. राउटरच्या मागच्या स्टिकरवर दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते. अनेक डब्यांत तिथे 'रिसीव्ह पॉवर' किंवा 'आरएक्स पॉवर' दिसते, डीबीएममध्ये. घरगुती फायबरसाठी साधारणपणे उणे ८ ते उणे २७ ही चालण्याजोगी मर्यादा धरतात. उणे २० किंवा २२ असेल तर उत्तम. उणे २६, २७ म्हणजे नेट आज चालते आहे, पण तार कुठे तरी घासते आहे किंवा जोड मळला आहे, आणि पावसाच्या पहिल्या सरीला ते बंद पडू शकते. यात दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे उणे २१ वरून २७ वर गेलात तर पूर्वीच्या चौथा हिस्साच प्रकाश उरला. 'नेट येते-जाते' या तक्रारीपेक्षा 'रिसीव्ह पॉवर उणे २८ दाखवतेय' ही तक्रार टाळणे अवघड असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

(फायबरचे टोक स्वतः काढून डोळ्याजवळ नेऊ नका. त्यातला लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण असतो.)

'वरूनच बंद आहे' म्हणजे कुठून?

हे वाक्य न ऐकलेला ग्राहक महाराष्ट्रात सापडणे कठीण. कंपनीला फोन करावा तर 'तुमच्या भागातील पार्टनरकडून अडचण आहे'. पार्टनरला, म्हणजे पूर्वीच्या केबलवाल्याला विचारावे तर 'वरूनच बंद आहे'. दोघेही खरे बोलत असू शकतात. फायबर एक्स्चेंजपासून निघते, रस्त्याखालून किंवा खांबांवरून येते, वाटेत स्प्लिटरमधून ८, १६ किंवा ३२ घरांत वाटले जाते. रस्ता खोदताना जेसीबीने तोडले, महापालिकेने खांबावरच्या अनधिकृत केबल कापल्या, झाड पडले, उंदराने कुरतडले. कारणे शंभर आहेत.

पण कारण कुणाचे आणि जबाबदारी कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडे ते मुद्दाम एकत्र केले जातात. इंटरनेट सेवेचा परवाना ज्याच्या नावावर आहे आणि बिल ज्याच्या नावाने येते, ती कंपनी ग्राहकाला उत्तरदायी. तिने गल्लीतले काम कुणाला वाटून दिले, त्याला किती टक्के मिळतात, तो तिच्यावर नाराज आहे का, हा त्यांचा आपसातला व्यवहार. खोदाईत केबल तुटू नये म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, केबलवाल्या कंपनीने सावध व्हायचे. त्यानंतरही केबल तुटली, तर भरपाईचे भांडण कंपनी आणि कंत्राटदारात. ग्राहकाने त्यात वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणूनच पैसे भरताना पावती कंपनीच्या नावाने घ्या. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे दादाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरले आणि बिल कधी मागितलेच नाही, तर उद्या कंपनीचे ग्राहक आहोत हे दाखवायला हातात काय राहते? शंभर-पन्नास रुपयांच्या सवलतीसाठी हे महागात पडते.

दाराच्या आत काय, दाराबाहेर काय

माझ्या मते रेषा साधी असायला हवी. ओएनटीपर्यंतची तार आणि कंपनीने दिलेला ओएनटी ही कंपनीची जबाबदारी. त्यापुढचे, म्हणजे स्वतः विकत घेतलेला राउटर, घरातली लॅन वायर, ॲडॉप्टरचा सॉकेट, हे आपले. डबा डिपॉझिटवर किंवा वापरापुरता दिलेला असेल तर तो कंपनीचाच, त्यामुळे आपोआप बिघडला तर बदलून देणेही तिचेच. आपण पाडला, त्यावर पाणी सांडले, तर खर्च आपला. आपल्याकडे ही रेषा बहुतेक बिलांवर छापलेलीच नसते. ती छापायला हवी, अगदी पहिल्या पानावर. ती नसल्याने 'व्हिजिट चार्ज' म्हणून तीनशे-पाचशे रुपये हातावर मागितले जातात आणि ते कशाचे हे कळत नाही. मागितले तर कंपनीच्या नावाची पावती मागा. अनेकदा रक्कम तिथेच शून्य होते.

सर्वांत गुंतागुंतीची जागा मात्र दार आणि रस्ता यांच्या मध्ये आहे. ती म्हणजे सोसायटी. अनेक जुन्या इमारतींत फायबर गच्चीपर्यंत किंवा जिन्यापर्यंतच येते. तिथे एक स्विच बसवलेला असतो आणि पुढे प्रत्येक घरात साधी लॅन वायर जाते. त्या स्विचला वीज लागते. ती जिन्याच्या दिव्याच्या किंवा लिफ्टच्या मीटरवरून घेतलेली असते. लाइट गेली की तुमच्या घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, वायफायच्या पूर्ण कांड्या दिसतात, पण नेट नाही. कारण जिन्यातला स्विच झोपलेला असतो. त्याला बॅकअप कुणी द्यायचा? उपकरण कंपनीचे, वीज सोसायटीची, त्रास तुमचा. परवानगी देतानाच सोसायटीने हे एका कागदावर लिहून घेतले तर वाद उरत नाही: बॅकअप कंपनीचा, वीजबिलाचा वाटा किती, गच्चीची किल्ली कुणाकडे. किल्ली हा विनोदाचा विषय वाटेल, पण सेक्रेटरी काका गावाला गेले म्हणून दुरुस्ती दोन दिवस थांबल्याची उदाहरणे प्रत्येक इमारतीत आहेत. इमारतीला रंग देताना रंगाऱ्याने वायर तोडली, तर जोडून देण्याचे काम तरीही कंपनीचेच. तिला खर्च हवा असेल तर तो तिने सोसायटीकडे किंवा कंत्राटदाराकडे मागावा.

तीन दिवसांचा नियम आणि बंद होणाऱ्या तक्रारी

दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायने ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम २००६ मध्येच केले. तीन कामकाजी दिवसांच्या पुढे बिघाड राहिला तर ७ दिवसांच्या भाड्याची सूट, सातच्या पुढे गेला तर १५ दिवसांची, पंधराच्या पुढे गेला तर महिन्याची, असे टप्पे त्यात होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी एकत्रित नियमावली लागू झाली. तीन दिवसांनंतर भरपाई हे तत्त्व त्यातही आहे आणि त्यात प्रीपेड ग्राहकही आले. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक ठप्प राहिली तर भरपाई द्यायची, अशीही तरतूद आली. नैसर्गिक आपत्तीचा अपवाद वगळून.

कागदावर हे चांगले आहे. पण हिशेब करून पाहा. महिना ६०० रुपयांच्या प्लॅनवर ७ दिवसांची सूट म्हणजे १४० रुपये. घरून काम करणाऱ्याचा एक दिवस त्याहून महाग असतो. आणि ही सूट न मागता बिलात उतरलेली मी तरी माझ्या ओळखीत पाहिलेली नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांनी स्वयंचलित भरपाईची पद्धत स्वीकारली. दोन पूर्ण कामकाजी दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर सुरुवातीच्या दराने रोजचे ८ पौंड, ग्राहकाने न मागता. आपल्याकडेही आकडा दुप्पट करण्यापेक्षा 'न मागता' हे दोन शब्द जास्त महत्त्वाचे आहेत. तक्रार कधी आली आणि कधी मिटली हे कंपनीच्या सिस्टीममध्ये असतेच. वजाबाकी सॉफ्टवेअरने करायची आहे.

अर्थात, मग 'मिटली' कुणी ठरवायचे हा प्रश्न येतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर नेट चार दिवस बंद होते. त्या चार दिवसांत 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असे दोन एसएमएस आले. घरी कुणीही आले नव्हते. कंपनीच्या फोनवर मला नवी तक्रार नोंदवायला सांगितले गेले. मी ते नाकारले आणि जुन्याच क्रमांकावर पुन्हा उघडायला लावली. कारण नवा क्रमांक म्हणजे पहिला दिवस पुन्हा सुरू. कामगाराला मी दोष देत नाही. तो कंत्राटावर असतो, पावसात शिडीवर चढतो आणि तक्रारी वेळेत 'क्लोज' करण्याचा दट्ट्या त्याच्या पाठीवर असतो. दोष त्या बटणाचा आहे. ग्राहकाच्या फोनवर आलेला ओटीपी दिल्याशिवाय तक्रार बंदच होऊ नये, एवढा बदल ट्रायने सक्तीचा केला तर निम्मे प्रश्न सुटतील, असे माझे ठाम मत आहे. गॅस सिलिंडर देताना ओटीपी चालतो, तर इथे का नाही?

पुढची पायरी

तक्रार मिटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार ३० दिवसांत अपील करायचे, त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत अपेक्षित आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे ईमेल करून थांबू नका. छोट्या कंपनीचे कनेक्शन घेताना तिच्या संकेतस्थळावर अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता आहे का, हे आधीच पाहा. नसेल तर दुसरी कंपनी बघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे पूर्वी सांगितले जायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. १४० रुपयांसाठी कोणी तिथवर जात नाही, हे कंपन्यांना माहीत आहे. पण वर्षाचे आगाऊ पैसे भरून महिनाभर नेट नसेल, तर जावे.

त्यासाठी लागणारा पुरावा बिघाडाच्या आधीच गोळा होतो. आत्ता नेट चालू आहे, तर राउटरचे पान उघडून रिसीव्ह पॉवरचा स्क्रीनशॉट तारखेसह काढा, डब्यावरच्या दिव्यांचा फोटो घ्या आणि कंपनीचा टोल-फ्री नंबर 'वायफाय दादा'च्या शेजारी सेव्ह करा.