‘दूध पुरत नाही’ हे ठरवायचं कोणी?

नवीन बाळ घरी आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हिला दूध पुरत नाही वाटतं.’ कधी सासूबाई म्हणतात, कधी बाळंतिणीची स्वतःची आई, कधी बाळ बघायला आलेल्या मावशी. हल्ली व्हिडिओ कॉलवरूनही हे निदान होतं. बाळाचं वजन कोणी केलेलं नसतं, दिवसभरात शू किती वेळा झाली हे कोणी मोजलेलं नसतं. बाळ रडलं, एवढाच पुरावा. संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा आणि बाटली घरात आलेली असते.

माझं मत स्पष्ट आहे. ‘दूध पुरत नाही’ हे निदान आहे, आणि निदान तपासल्याशिवाय करायचं नसतं. तपासणी तशी सोपी आहे, घरच्या घरीही बरीचशी होते. ती न करता हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर घालणं मात्र निरुपद्रवी नाही. अनेक घरांत आईचं दूध कमी होण्याची सुरुवात याच वाक्यापासून होते. कशी, ते समजून घेऊ.

आईच्या स्तनात दूध हंड्यात पाणी भरून ठेवावं तसं साठलेलं नसतं. बाळ जितकं ओढेल तितकं नवं तयार होतं. बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडतं. या दुसऱ्या कामाला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, पान्हा फुटणे. बाळाच्या आठवणीनेही पान्हा फुटतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं. उलट, आई घाबरलेली, दुखण्याने बेजार किंवा अपमानित असेल तर पान्हा फुटायला वेळ लागतो. दूध असतं, पण उतरत नाही. बाळ चिडतं, रडतं. मग घरातले म्हणतात, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

आता डब्याचं दूध सुरू करा. दोन तासांनी जे बाळ स्तनाला लागलं असतं ते पोट भरल्यामुळे चार तास झोपतं. तेवढ्यात एक-दोन वेळचं चोखणं बुडतं. स्तनात दूध तुंबून राहिलं की शरीर समजतं, मागणी कमी झाली, आणि उत्पादन घटवतं. आठवडाभर हे असंच चाललं तर दूध खरोखरच कमी होतं. म्हणजे पहिल्या दिवशी जे खोटं होतं ते आठव्या दिवशी खरं ठरतं, आणि सांगणारी व्यक्ती बरोबर होती असं सगळ्यांना वाटतं.

‘पण डॉक्टर, डब्याचं दूध दिल्यावर कसं शांत झोपलं!’ हे ओपीडीत रोज ऐकतो. आजींचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. पावडरचं दूध पचायला आईच्या दुधापेक्षा जड, म्हणून झोप लांबते. आणि तोंडात बाटलीचं बूच दिलं की पोट भरलेलं बाळही चोखतं, कारण चोखणं ही त्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्यावरून ते उपाशी होतं असं सिद्ध होत नाही.

मग बाळ रडतं कशाला? बेरी ब्राझेल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने आयांना बाळाच्या रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली आणि ते निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतं आणि मग हळूहळू उतरतं. बहुतेक रडणं संध्याकाळी ते रात्री. ही वेळ नीट लक्षात घ्या. आपल्याकडे घरातले सगळे कामावरून परत येतात, पाहुणे येतात, दिवेलागण होते, नेमकं तेव्हाच बाळ रडतं. दुपारी तीन वाजता शांतपणे पिऊन झोपलेलं बाळ कोणीच पाहिलेलं नसतं. आई सोडून.

याच संध्याकाळच्या वेळी बरीच बाळं दर अर्ध्या-पाऊण तासाने दूध मागतात. हेही नेहमीचंच आहे. यावर ग्राइप वॉटर, गुटी, दृष्ट काढणं असे सगळे उपाय होतात. (ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला एका औषधविक्रेत्याने आणलं. त्या मूळ कृतीत अल्कोहोल होतं, त्यामुळे बाळं शांत का होत असावीत ते सांगायला नको.) दृष्ट काढायला माझी हरकत नाही, त्याने बाळाच्या पोटात काही जात नाही. मध मात्र बोटभरसुद्धा चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि पाणीही नको. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. विदर्भातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते पुरतं, फक्त पाजायचं थोडं जास्त वेळा आणि आईने पाणी भरपूर प्यायचं.

घरच्या मोठ्यांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आज ज्या आज्या झाल्या आहेत त्या स्वतः बाळंतीण होत्या तेव्हा डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र असायचं आणि जाहिराती उघड चालायच्या. १९९२ च्या कायद्याने या जाहिराती, फुकट नमुने आणि डब्यावरचं बाळाचं चित्र यांवर बंदी आली, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण डोक्यात बसलेलं चित्र कायद्याने जात नाही. शिवाय त्या पिढीने आजूबाजूला बाळं दगावलेली पाहिली आहेत. रडणारं बाळ बघून त्यांच्या पोटात गोळा येतो तो खरा असतो.

आम्ही डॉक्टर मंडळीही यातून सुटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळं होती फक्त ४२ टक्के. बाळ दवाखान्यात, आई दवाखान्यात, डॉक्टर-नर्स हजर, तरी निम्म्याहून जास्त बाळांना वेळेवर छातीशी लावलं गेलं नाही. सिझेरियन झालं की ‘आईला आराम करू द्या’ म्हणून बाळ आजीच्या मांडीवर आणि पहिलं दूध डब्याचं. सिझेरियननंतर दूध भरपूर यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, हे खरं. पण पहिले दोन-तीन दिवस बाळाला भरपूर लागतही नाही. चीक काही चमचेच येतो आणि त्या इवल्या पोटाला तेवढाच हवा असतो.

तर मोजायचं काय?

पहिलं, शू. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा अशी ती वाढत जाते, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर, फिक्या रंगाची शू व्हायला हवी. डायपरमध्ये हे कळत नाही. शंका असेल तर दोन दिवस कापडी लंगोट वापरा आणि कॅलेंडरवर रेघा मारा. दोन दिवसांच्या रेघा बघून घरातला अर्धा वाद मिटतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरं, वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं. तीन किलोचं बाळ पावणेतीनवर आलं तर ‘बाळ सुकलं’ म्हणून रडारड करू नका. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून करा. झबलं, टोपडं, दुपट्यासकट एका दवाखान्यात आणि उघडं दुसऱ्या दवाखान्यात, अशा आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

स्तन मऊ झाले, पंपाने थोडंच निघालं, दुसरीच्या बाळापेक्षा आपलं बारीक दिसतं, यांतलं काहीही दूध कमी असल्याचा पुरावा नाही. काही आठवड्यांनी स्तन मऊ होतातच, आणि पंपाला बाळासारखं ओढता येत नाही.

पण इथे एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी. काही आयांना दूध खरोखर कमी येतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल, थायरॉइडचा त्रास असेल, स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, तर असं होऊ शकतं. अशा आईला ‘प्रयत्न कर, येईल’ असं सांगत बसणं हीसुद्धा क्रूरताच आहे. आणि खरं उपाशी बाळ नेहमी रडतंच असं नाही. ते थकून झोपून राहतं, पाजायला उठवलं तरी उठत नाही. घरातले म्हणतात, ‘किती शहाणं बाळ, अजिबात त्रास देत नाही.’ पाच दिवसांनंतरही शू कमी, गडद किंवा लंगोटावर विटकरी डाग, कावीळ वाढतेय, टाळू खोल गेलीय, बाळ मलूल आहे, तर लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. ताप असेल तर रात्रीसुद्धा.

वरचं दूध खरंच लागलं तर ते औषधासारखं द्यायचं. किती, किती वेळा, किती दिवस हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आधी स्तनाला लावायचं, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायचं. डब्यावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण पाळायचं. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून पातळ केलेलं दूध बाळाचं पोट भरतं, वजन वाढवत नाही. आणि ज्या आईला ते द्यावं लागलं तिला कमीपणा वाटेल असं घरात कोणी बोलायचं नाही.

आता घराबद्दल. सव्वा महिना बाळंतिणीला जपण्याची आपली पद्धत मुळात चांगली आहे. पण जपण्याचं सगळं लक्ष तिच्या ताटाकडे असतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा, सगळं खुशाल द्या. (धुरी मात्र बंद करा, धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईटच.) दूध मुळात वाढतं ते बाळ वारंवार आणि नीट लागल्याने, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. त्यातले दोन-तीन वेळा रात्रीचे, आणि प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून ते चुकवायचे नाहीत. म्हणजे बाळंतिणीची झोप तुकड्यातुकड्यांनीच होणार. दिवसा बाळ झोपलं की तिने झोपायचं, हा सल्ला सगळे देतात. तेव्हाच पाहुणे येतात, आणि ती पदर सावरून बसून राहते. पहिले सहा आठवडे पाहुण्यांना ‘नंतर या’ सांगण्याचं काम नवऱ्याने करावं असं माझं मत आहे. सुनेने सांगितलं तर ती उद्धट ठरते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या रिवाजात नवरा शनिवार-रविवारचा पाहुणा होतो. बाळ लातूरला, बाप पुण्यात. तिसऱ्या महिन्यात सगळे एकत्र येतात तेव्हा त्याला बाळाचं रडणं ओळखूच येत नाही, आणि जे ओळखू येत नाही त्याचा अर्थ सगळ्यात सोपा लावला जातो, भूक. २०१७ पासून आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस, खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. तरी जी रजा मिळेल ती बारशाच्या हॉलची व्यवस्था बघण्यात घालवू नका. रात्री बाळाला उचलून आईजवळ देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणं, हे सगळं पुरुषाला येतं. दूध पाजणं तेवढं येत नाही.

ज्यांच्या घरी डबा आधीच सुरू झालाय त्यांनी घाबरून तो एकदम बंद करू नका. आधी बाळाचं वजन करून घ्या, बाळ स्तनाला नीट लागतंय का ते तपासून घ्या. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, फक्त बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात. आईला दुखत असेल तर पकड चुकतेय. मग दर दोन-तीन दिवसांनी वरच्या दुधातलं थोडं थोडं कमी करत, शू मोजत चला. आठवड्याने पुन्हा वजन करायला या, आणि येताना आजींनाही बरोबर आणा. काट्यावरचा आकडा त्यांनी स्वतः वाचलेला बरा.