पास्खाच्या रात्री ते दिवे बंदच राहू द्या



गेल्या पास्खा जागरणाला चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटला, फादरांनी त्यावरून पास्खाची मेणबत्ती पेटवली, आणि मिरवणूक दारात येते न येते तोच आम्ही वेदीजवळचे दोन एलईडी पॅनल चालू केले. थेट प्रक्षेपणात काही दिसेना म्हणून. पहिल्या बाकावर नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला तो ग्लोरियापर्यंत खाली घेतला नाही. वर्षभर वाट पाहिलेली ती ज्योत त्यांनी पाहिलीच नाही.

हे आमच्याच गटानं केलं. दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

तरी यंदाच्या तयारीत पुन्हा तीच मागणी: "आणखी मोठे लाइट घ्या, घरी बसलेल्या आजाऱ्यांना यूट्यूबवर काळा पडदा दिसतो." आजाऱ्यांची काळजी आम्हालाही आहे. पण हे जागरण अंधारात सुरू व्हावं हे काही कॅमेरावाल्यांनी ठरवलेलं नाही. तीनदा घोषणा होते, एका मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात, तिसऱ्या घोषणेनंतर चर्चचे दिवे लागतात आणि वेदीवरच्या मेणबत्त्या तर ग्लोरियाच्या वेळी. पॅनल आधीच लागले तर उरलं काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली उपासनेच्या दस्तऐवजात बजावलं आहे की पवित्र विधींचं प्रक्षेपण तारतम्यानं आणि सन्मानानं व्हावं. तेव्हा रेडिओ-टीव्हीच होते; मोबाईल आला म्हणून तारतम्य सुटत नाही.

आणि खरी गंमत अशी की काळा पडदा अंधारामुळे आलाच नव्हता, आमच्या अज्ञानामुळे आला होता. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो कधी सगळी ज्योत पांढरीफटक करतो, कधी अंधार उजळायला जाऊन चित्रभर मुंग्या आणतो. मॅन्युअलवर घ्या. ज्योत आणि ती धरणाऱ्याचा चेहरा, एवढं दिसेल तिथे एक्सपोजर लॉक करा. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवा. मेणबत्तीचा प्रकाश त्याहूनही पिवळा, साधारण १९००चा, म्हणजे तिची ऊब पडद्यावर टिकते. शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे नंतर ट्यूबलाइट लागल्या तरी चित्रात पट्टे फिरत नाहीत. एवढ्याला एक रुपया लागला नाही, फक्त दोन संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये बसावं लागलं.

पैशांचंही तेच. वर्गणी काढून मोठा लाइट आणण्यापूर्वी आहे तो जवळ आणून पाहा: अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो. रविवारच्या मिस्सेत वाचकाच्या एका बाजूला, डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर एक पॅनल आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट पुरते. पॅनलवर बटर पेपर लावला की सावल्या मऊ पडतात. (जुन्या हॅलोजनला मात्र कागद चिकटवू नका, पेट घेईल.) एक्सपोजर फादरांच्या पांढऱ्या झग्यावर नव्हे, चेहऱ्यावर ठरवा. नाहीतर आपल्या सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांचे काळे ठिपके होतात, आणि मग कुणीतरी फिल्टर लावून त्यांना गोरं करू पाहतो. तेही आम्हाला मान्य नाही.

"मुलं आता कुठे शिकताहेत, त्यांचा उत्साह मोडू नका," असंही सुनावलं गेलं. उत्साह मोडायचा नाहीच. पण आमच्या मुलांनी दिवा लावायच्या आधी बटण कुठे आहे ते शिकावं, म्हणजे बंद करता येईल.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सातला चर्चमध्ये तालीम आहे, सगळे दिवे मालवून. फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल कुणाच्या घरी पडलं असेल तर घेऊन या. आणि त्या आजींना आणायला कुणीतरी स्कूटर काढा. बाकावरून कसं दिसतं ते त्यांनाच विचारणार आहोत.