छपराचा भार आणि भिंतीचें बळ

गाडींत ऊस भरतांना बैलजोडी किती ओढील याचा अंदाज घेतल्यावांचून कोणीहि शहाणा शेतकरी मोळी चढवीत नाहीं. परंतु ज्या छपराखालीं आपलीं मुलेंबाळें निजतात, त्यावर किती ओझें चढविलें याचा हिशेब फारच थोडे करितात. ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते.

कोल्हापूर जिल्ह्यांतील जुनीं घरें बहुधा कौलारू. भिंती मातींत बांधलेल्या दगडांच्या किंवा कच्च्या विटांच्या. मंगलोरी कौलें व रिपा मिळून दर चौरस मीटरास सुमारे ६५ किलो वजन भरतें. १२ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब तेवढ्याच जागेस ३०० किलो भरतो. म्हणजे ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशा खोलीवर जेथें कौलांचें सुमारे सव्वा टन ओझें होतें, तेथें स्लॅबचें सहा टन येतें. भिंत मात्र तीच, आजोबांच्या वेळची!

ओझें येथेंच थांबत नाहीं. भारतीय मानकांप्रमाणें राहत्या घराच्या वापरावयाच्या गच्चीवर चौरस मीटरास सुमारे १५० किलो, म्हणजे ५० किलोंचीं तीन पोतीं, इतकाच वरचा भार धरलेला असतो. एक हजार लिटरांची टांकी भरली म्हणजे एक टन वजन थोड्याशा जागेंत एकवटतें. पाण्याची वाट पालापाचोळ्यानें तुंबून गच्चींत १५ सेंटिमीटर पाणी सांचलें, तर तेवढ्यानेंच १५० किलोंची मर्यादा भरते.

असा भार हळूहळू वाढतो, म्हणूनच तो डोळ्यांत भरत नाहीं. लातूर व धाराशिव या भागांतील माळवदांवर गळती थांबावी म्हणून मातीचे थरांवर थर चढत गेले. अर्धा मीटर जाडीच्या मातीचें वजन चौरस मीटरास ८०० किलोंच्या घरांत जातें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां तीं माळवदें आणि जाड दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारों जीव गेले. भूकंप आपल्याकडे परका नाहीं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का वडीलधाऱ्यांस आठवत असेल.

शिवाय आपल्या जिल्ह्यास पुराचें संकट आहेच. २००५, २०१९ आणि २०२१ सालीं पंचगंगेचें पाणी गांवांत शिरलें. मातीची भिंत पाण्यांत भिजली म्हणजे तिचें बळ घटतें. आणि नेमक्या त्याच वेळीं आपण धान्य, भांडीं व माणसें माडीवर चढवितों. भिंत सर्वांत दुबळी असतां तिच्यावर सर्वांत जास्त ओझें पडतें, हें ध्यानांत ठेवावें.

स्लॅब घालूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. कौलें दर वर्षीं चाळावीं लागतात, वानरें तीं फोडतात, हें आम्ही जाणतों. परंतु मातीच्या कामाच्या भिंतींवर स्लॅब टाकूं नये. त्यास पायापासून उठविलेले स्वतंत्र खांब द्यावेत. टांकी स्लॅबच्या मध्यावर न ठेवितां खांबांच्या माथ्यावर बसवावी. मृग निघण्यापूर्वीं गच्चीच्या पाण्याच्या वाटा साफ कराव्यात. तुळईस बांक आला किंवा भिंतीस तिरकी चीर पडली, तर गिलावा करून ती झांकूं नये, जाणत्यास दाखवावी.

पीककर्ज देतांना विकास सोसायटी सातबारा तपासते. घराची भिंत तपासणारा मात्र गांवांत कोणी नसतो. दर वर्षीं उन्हाळ्यांत सोसायटीनें व ग्रामपंचायतीनें मिळून एखादा इंजिनियर दोन दिवस बोलवावा आणि जुनीं घरें दाखवावींत, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचा खर्च गांवानें वाटून घेतल्यास कोणास जड जाणार नाहीं. शेत बुडालें तर पुढच्या हंगामीं पुन्हां पेरतां येतें. छपराखालीं गेलेलें माणूस परत येत नाहीं.